बॅटरी चार्जरच्या पेटंट अर्जावर परीक्षण अहवाल आल्यावर उत्तर कसे तयार करावे

रिचार्जेबल बॅटरी चार्ज करणाऱ्या उपकरणासाठी भारतात पेटंटचा अर्ज दाखल केला, एवढ्यावर तो तपासणीला लागत नाही. त्यासाठी फॉर्म १८ भरून परीक्षणाची वेगळी विनंती करावी लागते. १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी ही मुदत ३१ महिन्यांची असून ती अर्जाची तारीख किंवा प्राधान्याची तारीख (त्याच शोधाच्या आधीच्या पहिल्या अर्जाची तारीख), यांपैकी जी आधीची असेल तिच्यापासून मोजली जाते. त्याआधीच्या अर्जांना ४८ महिने आहेत. मुदतीत विनंती गेली नाही, तर अर्ज मागे घेतला असे कायदा धरून चालतो. अर्जदार स्टार्टअप, लघुउद्योग किंवा महिला असल्यास फॉर्म १८ए भरून जलद परीक्षण मागता येते.

यथावकाश पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एफईआर, हाती येतो. तो वाचायला घेण्याआधी दोन तारखा लिहून ठेवाव्यात. उत्तरासाठी अहवाल पाठवल्याच्या तारखेपासून सहा महिने मिळतात, आणि ते संपण्याआधी फॉर्म ४ भरून शुल्कासह आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवून घेता येते. त्याच शोधासाठी परदेशातही अर्ज केलेला असेल, तर फॉर्म ३ मधील अद्ययावत माहिती एफईआरपासून तीन महिन्यांत द्यायची असते. ही दुसरी तारीख अनेकांच्या नजरेतून सुटते, कारण सगळे लक्ष सहा महिन्यांकडे असते. उत्तरच गेले नाही, तर पेटंट कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

अहवालात बऱ्याच हरकती असल्या तरी त्यांचे वजन सारखे नसते. आकृतीतील भागांचे क्रमांक क्लेममध्ये (शोधातील नेमक्या कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या वाक्यांत) कंसात घातलेले नाहीत, सारांश दीडशे शब्दांपेक्षा मोठा आहे, अशा हरकती एका बैठकीत मिटतात. खरा प्रश्न असतो तो नावीन्याचा आणि इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, म्हणजे त्या विषयाच्या तज्ज्ञाला सहज सुचणार नाही अशा पावलाचा. परीक्षक तेथे जुनी पेटंट कागदपत्रे डी१, डी२ अशा खुणांनी देतो. ती एस्पेसनेट किंवा गूगल पेटंट्स या पेटंट शोधण्याच्या संकेतस्थळांवरून उतरवून मुळातून वाचावीत. अहवालातील दोन ओळींच्या गोषवाऱ्यावर विसंबू नये. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बॅटरी चार्जिंगची सर्किटे प्रामुख्याने एच०२जे ७/०० या वर्गात आणि चार्जिंगच्या पद्धती एच०१एम १०/४४ मध्ये सापडतात. डी१ कोणत्या वर्गातला आहे हे पाहून त्याच वर्गात स्वतःही थोडा शोध घ्यावा, कारण सुनावणीच्या वेळी नवा कागद समोर येण्यापेक्षा तो आधी आपल्याला माहीत असलेला बरा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पुढची कृती पाहू. अर्जातला पहिला क्लेम असा आहे असे समजा: ‘वीजपुरवठा, बॅटरीची स्थिती ओळखणारे साधन आणि त्या स्थितीनुसार चार्जिंग नियंत्रित करणारा कंट्रोलर असलेले चार्जिंग उपकरण’. बाजारातला कोणताही बरा चार्जर या वाक्यात बसतो. लिथियम-आयन सेलला आधी स्थिर करंट द्यायचा आणि सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की स्थिर व्होल्टेजवर जायचे, किंवा निकेल-कॅडमियम बॅटरी भरत आल्यावर व्होल्टेज किंचित घसरते ते पकडून चार्जिंग थांबवायचे, या गोष्टी फार पूर्वीपासून माहीत आहेत. असा क्लेम वाचवण्यासाठी पानेच्या पाने लिहिणे व्यर्थ आहे. तो आखडता घ्यावा.

आता या चार्जरचे वेगळेपण असे आहे असे धरू: पॅक जोडल्यावर, मुख्य चार्जिंग सुरू होण्याआधी, तो क्षणभर करंटचा पल्स देतो, व्होल्टेज किती चढले ते मोजतो, त्यावरून पॅकचा अंतर्गत रोध काढतो आणि कमाल करंट ठरवतो. दोन अँपिअरच्या पल्सला व्होल्टेज १२० मिलिव्होल्टने चढले, तर रोध ६० मिलिओहम होतो. परीक्षकाने दिलेल्या डी१ मधला चार्जर थर्मिस्टरने (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकाने) तापमान पाहतो आणि पॅक तापला की करंट कमी करतो. डी२ मध्ये पल्स देऊन रोध मोजलेला आहे, पण तो फक्त बॅटरीचे आरोग्य पडद्यावर दाखवण्यासाठी. दोन्ही एकत्र केल्यास तुमचा शोध तज्ज्ञाला सहज सुचेल, असे परीक्षकाचे म्हणणे.

उत्तर लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर क्लेममधला प्रत्येक घटक स्वतंत्र ओळीत उतरवावा आणि त्यापुढे तो डी१ किंवा डी२ च्या कोणत्या परिच्छेदात आहे ते लिहावे. जी ओळ रिकामी राहील, तिच्यावर उत्तर उभे राहते. येथे रिकामी राहते ती ‘मोजलेल्या रोधानुसार मुख्य चार्जिंग सुरू होण्याआधीच करंटची मर्यादा ठरवणे’ ही ओळ. डी१ उष्णता निर्माण झाल्यावर जागा होतो. तुमचे उपकरण ती होण्याआधी आवरते. हे आकड्यांनी दाखवावे: ६० मिलिओहमच्या पॅकमध्ये १० अँपिअरला अंतर्गत रोधामुळे सहा वॅट उष्णता होते, तर पाच अँपिअरला दीड वॅट. ‘वापरण्यास सुलभ’, ‘किफायतशीर’ अशी विशेषणे उत्तरातून काढून टाकावीत. त्यांनी आजवर कोणाची हरकत मिटलेली नाही. मात्र डी२ मध्ये कोठेतरी ‘या मापनावरून चार्जिंगचा करंटही ठरवता येईल’ असे एखादे वाक्य असेल, तर हा युक्तिवाद कोसळतो. अशा वेळी त्याला चिकटून न राहता एखाद्या उपक्लेममधील (पहिल्या क्लेमवर आधारलेल्या पुढच्या क्लेममधील) अधिक नेमके वैशिष्ट्य पहिल्या क्लेममध्ये आणावे.

इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या चर्चेत सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल हमखास येतो. भांडी लेथवर फिरवताना धरून ठेवण्याच्या साधनाचे ते पेटंट टिकले नाही, कारण कारखान्यातील नेहमीच्या सुधारणेपलीकडे त्यात काही नव्हते. तुमची सुधारणा त्या रेषेच्या पलीकडे का आहे, हे दोन-तीन वाक्यांत सांगितले तरी पुरते.

चार्जरच्या अर्जांवर कलम ३(एफ) आणि ३(के) यांच्याही हरकती येतात. पहिल्यात म्हणणे असते की, हे आपापले काम सुटेपणाने करणाऱ्या ज्ञात उपकरणांची केवळ मांडणी आहे. त्यावर मोजणाऱ्या भागाचा परिणाम करंट देणाऱ्या भागाच्या वागण्यावर कसा होतो, ते आकृतीतील क्रमांकांसह दाखवावे. दुसरी हरकत येते ती क्लेम निव्वळ कंट्रोलरमधील गणिताचा झाला की. पल्स देणारे सर्किट, मोजणी आणि करंटवरील प्रत्यक्ष परिणाम क्लेममध्येच लिहिला असेल, तर फरीद अल्लानी प्रकरणातील दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाचा आधार घेता येतो; संगणक प्रोग्रामवर आधारलेला शोध तांत्रिक परिणाम घडवत असेल, तर तेवढ्या कारणाने तो नाकारता येत नाही, असे त्याचे सार आहे.

क्लेममध्ये बदल करताना कलम ५९ ची चौकट पाळावी लागते. नवा मजकूर मूळ वर्णनात असला पाहिजे आणि सुधारित क्लेमची व्याप्ती आधीच्या क्लेमच्या आतच राहिली पाहिजे. वर्णनात पल्सचा कालावधी, रोधाच्या मर्यादा आणि त्यांनुसार करंटचे टप्पे लिहिलेले नसतील, तर एफईआर आल्यावर ते आणता येत नाहीत. म्हणून मसुद्याच्या वेळीच असे तपशील, कंटाळवाणे वाटले तरी, भरपूर घालावेत.

उत्तराने परीक्षकाचे समाधान झाले नाही, तर कलम १४ प्रमाणे सुनावणी लागते. ती आता बहुधा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होते. सुनावणीनंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे सादर करायचे असते, आणि तोंडी मान्य केलेली प्रत्येक दुरुस्ती त्यात असावी. अर्ज नाकारला गेल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते. त्याची मुदत तीन महिन्यांची आहे.

चार्जर आणि बॅटरी पॅक असे दोन शोध एकाच अर्जात असल्याची हरकत असेल, तर कलम १६ खालचा विभाजित अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून दुसऱ्या शोधासाठी वेगळा काढलेला अर्ज, पेटंट मंजूर होण्याआधी दाखल करावा लागतो. लेखी म्हणण्यानंतर मंजुरी कधीही येऊ शकते, त्यामुळे पॅकचे क्लेम वगळण्याचे ठरताच तो अर्ज तयार ठेवावा आणि लेखी म्हणणे पाठवण्याआधी दाखल करावा.