व्हेट टेक्निशियनचं कॉलेज निवडताना आधी हे बघा

अमेरिकेत व्हेट टेक्निशियन (प्राण्यांच्या डॉक्टरांचा प्रशिक्षित सहाय्यक) व्हायचं असेल तर फी वगैरे नंतर, आधी बघा कोर्सला एव्हीएमएची (अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची संघटना) मान्यता आहे का, कारण बहुतेक राज्यांत लायसन्ससाठी व्हीटीएनई परीक्षा द्यावी लागते आणि तिला बसायला साधारणपणे मान्यताप्राप्त कोर्सच लागतो. मग कॉलेजच्या वेबसाइटवर 3 वर्षांचा व्हीटीएनई पास रेट शोधा, तो टाकणं त्यांना बंधनकारक असतं, नाही सापडला तर सरळ फोन करून विचारा. 2 वर्षांची असोसिएट डिग्री पुरते. ऑनलाइन घेत असाल तर प्रॅक्टिकलसाठी क्लिनिक कोण शोधणार, कॉलेज की तुम्ही, हे अ‍ॅडमिशनआधीच क्लिअर करा प्लीज, रक्त काढणं, अ‍ॅनेस्थेशियावर लक्ष ठेवणं हे हाताला सवय झाल्याशिवाय येतच नाही.