बाळंतिणीचं डोकं दुखतंय? या चुका टाळा

पक्षाघात म्हातारपणी होतो, बीपी-शुगरवाल्यांना होतो, असंच आपण धरून चालतो. पण मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होऊनही पक्षाघात होतो. मग रक्त तुंबतं, मेंदूला सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. हे रुग्ण बहुतेक तरुण असतात, त्यात बायका जास्त. बाळंतपणानंतरचे पहिले ६ आठवडे तर फार जोखमीचे.

म्हणूनच बाळंतिणीचं पाणी तोडणं ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. ‘पाणी प्यायलीस तर पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल’ असं सांगून तिला बंद खोलीत शेकशेगडीजवळ घोट-घोट पाणी दिलं जातं. या दिवसांत रक्त मुळातच लवकर गोठतं, त्यात अंगातलं पाणी आटलं की धोका वाढतो. तिला तहानेला पोटभर पाणी द्या.

डोकं दुखलं की जागरणावर किंवा कानाला वारं लागल्यावर खापर फुटतं. सिझेरियन झालं असेल तर पाठीतल्या इंजेक्शनवर. त्या इंजेक्शनचं दुखणं सहसा उठून बसल्यावर वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. गुठळीचं बरेचदा उलटं असतं: आडवं झाल्यावर, खोकल्यावर ठणका वाढतो आणि दिवसागणिक चढत जातो. सोबत उलट्या, धूसर दिसणं, हातापायातली ताकद जाणं किंवा आकडी असेल तर तासभरही थांबू नका. आकडीत कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यात ही गुठळी निसटू शकते. एमआरआय आणि व्हेनोग्राम (शिरांमधलं रक्त कुठे अडलंय ते दाखवणारी तपासणी) लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.

गणपतीत, लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या ‘औषधात’ धरल्याच जात नाहीत. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘काहीच चालू नाही.’ या गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या, दोन्हींनी गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून आठवणीने सांगा.

मेंदूत रक्तस्राव दिसत असताना डॉक्टर रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू करतात, तेव्हा घरचे घाबरून नकार देतात. भीती साहजिक आहे. पण इथे रक्तस्राव झालेला असतो तो तुंबल्यामुळे, आणि वाट मोकळी करणं हाच त्यावरचा उपाय. पुढे साधारण ३ ते १२ महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालतात. त्यातली वॉरफेरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्तचाचणी) तपासत राहा. त्यावर बाळाला अंगावर पाजता येतं, मात्र पुन्हा दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते, आणि त्यासाठी कुठलं साधन वापरायचं हेही डॉक्टरांनाच विचारा.