व्हाइटटेलसाठी रायफल निवडताना: कॅलिबर कोणतं, गोळी किती ग्रेनची?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हा मजकूर देशातल्या वाचकांसाठी माहितीपुरता. अमेरिकेत मात्र नोव्हेंबर आला की अनेक राज्यांत व्हाइटटेल हरणाचा हंगाम सुरू होतो आणि ऑफिसातला एखादा सहकारी ‘चल की या वेळी’ म्हणतो. मग बंदुकीच्या दुकानात काडतुसांच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर डोकं चक्रावतं. त्या भिंतीसमोर काय बघायचं, ते इथे दिलं आहे.

त्याआधी कागदपत्रं. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. राज्यानं दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना आणि शेवटी बंदूक, हा क्रम मोडू नका.

आकडे वाचायचे कसे

कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी. .३०८ किंवा .२४३ हे आकडे इंचात असतात. .३०८ ची गोळी ७.८२ मिमी जाडीची, .२४३ ची ६.१७ मिमीची. नावावर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. .२७० विंचेस्टरची गोळी प्रत्यक्षात .२७७ इंचाची असते. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल, तर .३०-३० मधला दुसरा ३० हे जुन्या हिशेबातलं दारूचं वजन.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सराफकट्ट्यावरचा जुना हिशेब ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सोपं जाईल: १८० ग्रेन म्हणजे एक तोळा आणि १५ ग्रेन म्हणजे एक मासा. १५० ग्रेनची गोळी म्हणजे दहा मासे, सुमारे ९.७ ग्रॅम. हे वजन फक्त गोळीचं, अख्ख्या काडतुसाचं नव्हे.

गोळीनं करायचं काम

हरणाच्या छातीत फुप्फुसं आणि हृदय मिळून साधारण २० सेंटिमीटरचं वर्तुळ होतं, मध्यम भाकरीएवढं. गोळीनं त्यात शिरायचं, उमलून रुंद व्हायचं, दोन्ही फुप्फुसं फाडायची आणि जमल्यास पलीकडून बाहेर पडायचं. पलीकडचं छिद्र महत्त्वाचं, कारण नेमकी छातीत लागलेली गोळी असली तरी हरीण ५० ते १०० यार्ड पळू शकतं. पडलेल्या पानांत रक्ताचा माग मिळाला नाही तर जनावर तडफडून मरतं आणि मांसही वाया जातं.

उत्तरेकडचा प्रौढ नर साधारण ७० ते १०० किलोंचा, टेक्सासच्या हिल कंट्रीतला त्याहून बराच लहान. दोन्हींची कातडी पातळ, फासळ्या बारीक. हे जनावर पाडायला जास्त दारूचं, ताकदवान मॅग्नम काडतूस लागत नाही. नवशिक्याचं नुकसान बहुधा कमी ताकदीनं होत नाही, जास्त ताकदीनं होतं. धक्क्याच्या धास्तीनं चाप दाबण्याआधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात आणि गोळी पोटात लागते. कॅलिबर निवडताना म्हणून सगळ्यात आधी स्वतःचा खांदा विचारात घ्या.

अंतर, खांदा आणि राज्याचा कायदा

साडेतीन किलोच्या आसपास वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टरचा धक्का सगळ्यात सौम्य. ६.५ क्रीडमूर आणि ७ मिमी-०८ मधले. .३०८ आणि .२७० खांद्याला जाणवतात, .३०-०६ त्याहून थोडं अधिक. अंगानं बारीक असाल किंवा आयुष्यात पहिल्यांदाच रायफल हातात घेत असाल तर ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिमी-०८ घ्या. आमचं मत विचाराल तर ७ मिमी-०८ ला मिळतं त्यापेक्षा जास्त कौतुक मिळायला हवं. फक्त त्याची काडतुसं प्रत्येक दुकानात मिळतील असं नाही. खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही सापडतील अशी काडतुसं म्हणजे .३०८, .३०-०६, .२७० आणि .३०-३०.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातल्या वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. उत्तर फूट-पाउंडात येतं. १५० ग्रेनची .३०८ ची गोळी २,८२० च्या वेगानं नळीतून निघाली तर सुमारे २,६५०. हरणासाठी गोळी लागण्याच्या जागी १,००० फूट-पाउंड असावेत असा रूढ आडाखा आहे. साध्या सॉफ्ट पॉइंट (टोकाला मऊ शिसं उघडं असलेल्या) गोळीनं .२४३ (१०० ग्रेन) हा आकडा ३०० यार्डांपर्यंत टिकवते, तर .३०-३० (१७० ग्रेन) जेमतेम २०० यार्डांपर्यंत. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत पुष्कळदा १०० यार्डांपलीकडे दिसतही नाही. तिथे .३०-३० पुरून उरतं.

हाच आडाखा कोलोरॅडोत कायदा आहे: हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड. इंग्लंडमध्ये मोठ्या हरणांसाठी किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी १,७०० फूट-पाउंड लागतात. ओहायोत बाटलीसारखी निमुळती मान असलेली काडतुसं हरणावर चालत नाहीत. तिथे सरळ नळकांडीचीच लागतात, .३५७ ते .५० या मापातली. म्हणून तिकडे .३५० लेजंड (१५० ते १८० ग्रेन) आणि .४५० बुशमास्टर (२५० ग्रेन) खपतात. लेजंडचा धक्का कमी, पण १५० यार्डांच्या पुढे तिच्यावर भिस्त ठेवू नये. नियम बदलत असतात. त्या वर्षीची राज्याची पुस्तिका वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

वजन किती?

.२४३ चा अपवाद सोडला तर त्या कॅलिबरमध्ये मिळणाऱ्या वजनांतलं मधलं वजन घ्या, चूक होणार नाही. साध्या शिशाच्या गोळीसाठी:

.२४३ विंचेस्टर: ९५ ते १०० ग्रेन
६.५ क्रीडमूर: १२९ ते १४३
.२७० विंचेस्टर: १३०
७ मिमी-०८: १३९ किंवा १४०
.३०८ विंचेस्टर: १५० किंवा १६५
.३०-०६: १५० ते १६५, १८० ची एल्क किंवा मूस या मोठ्या हरणांसाठी ठेवा
.३०-३०: १५० किंवा १७०

.२४३ मध्येच माणसं जास्त फसतात. त्यात ५५ ते ७५ ग्रेनच्या बहुतेक गोळ्या कोयोटीसारख्या लहान जनावरांसाठी बनवलेल्या असतात. कातडीला लागताच त्या फुटून विखुरतात. हरणाच्या खांद्यावर अशी गोळी लागली तर वरवरची भयंकर जखम होते आणि फुप्फुसं शाबूत राहतात. खोक्यावर ‘व्हार्मिंट’ लिहिलेलं दिसलं की परत ठेवा.

उलट टोकही तितकंच वाईट. फार जड आणि टणक गोळी बारीक हरणातून न उमलता आरपार जाते, पेन्सिलीएवढं छिद्र ठेवून. पूर्ण धातूचं कवच असलेल्या गोळ्यांचंही तेच होतं, म्हणून बहुतेक राज्यांत शिकारीला त्यांना बंदी आहे. मॅच गोळ्या कागदी निशाण्यासाठी असतात. त्या नेमक्या जातात, पण अंगात शिरल्यावर कशा वागतील याचा भरवसा नाही.

गोळीची बनावट

वजनाइतकंच, खरं तर जास्तच, लक्ष इथे द्या. तांब्याच्या कवचात शिसं भरलेली साधी सॉफ्ट पॉइंट स्वस्त असते आणि २०० यार्डांच्या आत हरणाला पुरेशी. मात्र .२७० सारख्या वेगवान काडतुसातून ४०-५० यार्डांवर खांद्याच्या हाडात लागली तर ती चुरा होते आणि खांद्याचं मांस रक्ताळून फेकावं लागतं. अंतर कमी असेल तर जरा जड गोळी घ्या किंवा बाँडेड घ्या. बाँडेडमध्ये शिसं कवचाला चिकटवलेलं असतं, त्यामुळे हाड लागूनही गोळी एकसंध राहते.

पूर्ण तांब्याची गोळी तिसरा पर्याय. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसं पूर्ण बंद आहे, तिथे हीच घ्यावी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय तिला उमलायला वेग हवा. लागताना २,००० फूट प्रति सेकंदाच्या खाली गेली की काम बिघडू लागतं. त्यामुळे तांब्यात एक पायरी खाली उतरा: .३०८ ला १५० ऐवजी १३०, .२४३ ला १०० ऐवजी ८०. ती जवळजवळ सगळं वजन टिकवते, त्यामुळे हलकी असूनही खोल जाते.

गोळीची लांबी आणि नळीतल्या पिळाचं गणितही यातच आलं. नळीवर १:१० लिहिलं असेल तर दहा इंचांत गोळी एक पूर्ण फेरी घेते. लांब गोळीला घट्ट पीळ हवा. .२४३ च्या १:१० पिळाच्या नळीत १०० ग्रेनची सॉफ्ट पॉइंट ठीक चालते, पण लांबलचक टोकदार १०५ ग्रेनची गोळी हवेत डगमगू शकते. निशाण्याच्या कागदावर गोल छिद्राऐवजी आडवं, लांबट छिद्र पडलं तर हाच दोष समजा.

रेंजवर

दोन-तीन प्रकारच्या गोळ्यांची एकेक खोकी घ्या, प्रत्येकात २० काडतुसं असतात. १०० यार्डांवर टेकू घेऊन तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा आणि मध्ये नळी गार होऊ द्या. गट दीड-दोन इंचांत बसला की हरणासाठी भरपूर झालं. त्याहून बारीक गटाच्या मागे लागून काडतुसं जाळू नका. जी गोळी तुमच्या नळीला मानवली, तिचीच चार-पाच खोकी एकाच लॉटची घेऊन ठेवा.

झीरो, म्हणजे गोळी नेमाशी लागेल अशी दुर्बीण जुळवणं, त्याच गोळीनं करा. स्वस्त सरावाच्या गोळीनं झीरो करून जंगलात दुसरीच भरली तर १०० यार्डांवरही दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर सुमारे दोन इंच वर लागेल अशी बसवली की २०० यार्डांवर नेमाशी येते आणि ३०० ला आठेक इंच खाली जाते. मग २०० यार्डांपर्यंत वर-खाली धरायचा हिशेब करावा लागत नाही. टेकूवरून जमलं की गुडघ्यावर बसून आणि काठीच्या आधारानं मारून बघा. अशा स्थितीत पाचपैकी पाच गोळ्या भाकरीएवढ्या वर्तुळात जिथवर बसतात, तेवढीच तुमची मर्यादा, काडतुसाच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो.

लिव्हर ॲक्शनच्या (चापाजवळची दांडी खाली-वर करून काडतूस भरायच्या) .३०-३० मध्ये काडतुसं नळीच्या खालच्या मॅगझिनमध्ये एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीला, टेकतं, म्हणून कडक टोकदार गोळी तिथे कधीच भरू नका. धक्क्यानं मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. चपट्या टोकाची किंवा खास मऊ रबरी टोकाची गोळीच चालते.

आणि दोन कॅलिबरची काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नका. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत शिरतं, आणि चाप ओढला की रायफल हातात फुटते. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावर ठोकलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते भरण्याआधी दर वेळी बघा.