लम्पी: शेळीच्या देवीची लस गाईला का, आणि ती कधी टोचून घ्यायची

लम्पी म्हणजे गाई-बैलांना ताप आणि अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग. मृग लागायच्या आत गोठ्यातल्या प्रत्येक गाय-बैलाला त्याची लस टोचून घ्या. लसीचा गुण यायला साधारण तीन आठवडे लागतात. पाऊस पडला की माश्या, डास, गोचीड वाढतात आणि रोग त्यांच्यामार्फतच गोठ्यागोठ्यांत शिरतो. म्हणून मे महिन्याचा पहिला पंधरवडा हातचा जाऊ देऊ नका.

"ही तर शेळ्यांच्या देवीची लस, गाईला कशाला?" हा प्रश्न अजूनही कानावर येतो. लम्पी पहिल्यांदा १९२९ साली आफ्रिकेतल्या झांबियात दिसला. आपल्या देशात तो आला २०१९ मध्ये, ओडिशात. तेव्हा गाईंसाठी स्वतंत्र देशी लस नव्हती. पण शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू सख्ख्या भावंडांसारखे, एकाच कुळातले. एकाची ओळख झाली की जनावराचं शरीर दुसऱ्यालाही ओळखून तोंड देतं. २०२२ च्या साथीत महाराष्ट्रात हीच लस मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्याच वर्षी हरियाणातल्या हिसार आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगर इथल्या सरकारी संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी खास लम्पीसाठी 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस तयार केली. दवाखान्यात जी उपलब्ध असेल ती घ्या. दुसरीची वाट बघत पावसाळा अंगावर घेऊ नका.

लसीमुळे प्रत्येक जनावर हमखास वाचतं असं नाही, पण धोका बराच कमी होतो. "लस दिली आणि लम्पी आला" अशी तक्रार येते, तिथं बऱ्याचदा विषाणू आधीच अंगात असतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चार आठवड्यांपर्यंतही लागू शकतात. ताप असलेल्या किंवा गाठी आलेल्या जनावराला लस देऊ नका.

सुईचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. एकाच सुईनं अख्खी दावण टोचली, तर आजारी जनावराचं रक्त निरोगी जनावरात आपणच सोडतो. डॉक्टरांना सुई बदलायला सांगताना संकोच करू नका. लस बर्फातून आली आहे ना, तेही बघा. गाय गाभण असेल तर कितवा महिना आहे ते आधी सांगा आणि वासरांना कधी टोचायचं ते त्यांनाच विचारा. टोचल्यावर एक-दोन दिवस कणकण येते, टोचल्या जागी गाठ येते, दूध थोडं घटतं. त्यानं घाबरून जाऊ नका.

लस दिली तरी माश्या आवराव्याच लागतात. जनावर सारखे पाय आपटत असेल तर खाली वाकून पायांकडे बघा: चावरी माशी तिथं डोकं वर करून बसलेली दिसेल. ती ओल्या शेणात, कुजक्या चाऱ्यात वाढते. तेव्हा उकिरडा गोठ्यापासून लांब हलवा, मूत्राची नाली वाहती ठेवा, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करा.

बाजारातून आणलेलं जनावर चार आठवडे वेगळं बांधा. ताप, अंगावर गाठी, पायाला सूज दिसली तर त्या जनावराचं पाणी आणि दावण लगेच वेगळी करा आणि जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन लावा. हा रोग माणसाला होत नाही, त्यामुळे गोठ्यातलं दूध उकळून खुशाल प्या.