कर्नलच्या नोंदींत पत्ते किती उघडे ठेवावेत?
लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) ४.१५ आवृत्तीपासून साध्या '%पी' या छपाईच्या खुणेने छापलेला पॉइंटर (मेमरीतला पत्ता) हल्लेखोराच्या हाती लागू नये म्हणून खरा पत्ता न दाखवता त्याचा हॅश (पत्त्यावरून काढलेला सांकेतिक आकडा) दाखवतो. मात्र एका बूटपुरता त्याच पत्त्याला तोच हॅश मिळत असल्याने, मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली गेली का, हे दोन ओळी ताडून कळते. अंधेरीच्या आमच्या कार्यालयात बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते.

मेमरीत शेजारी असलेल्या वस्तूवर (डेटाच्या तुकड्यावर) कोणत्या कोडने चुकून लिहिले हे शोधताना मात्र खरा पत्ता लागतो. तेव्हा चाचणीचे यंत्र नेटवर्कपासून तोडून 'नो_हॅश_पॉइंटर्स' हा पर्याय देऊन बूट करावे. तेव्हा पत्ते उघडे असल्याचा भलामोठा इशारा कर्नल छापतो (तो छापायलाच हवा). ग्राहकांच्या सर्व्हरवर 'केपीटीआर_रिस्ट्रिक्ट' (कर्नलचे पत्ते लपवणारी सेटिंग) २ आणि 'डीमेसेज_रिस्ट्रिक्ट' (कर्नलच्या नोंदी कोण वाचू शकतो ते ठरवणारी सेटिंग) १ ठेवावे.