स्तारा फुझिना बघायचं तर असं फिरा

बोहिन्य लेकवर येणारे बरेच जण काठावर फोटो काढून परत फिरतात आणि तिथून अगदी जवळ स्तारा फुझिना हे एवढं जुनं गाव आहे हे त्यांच्या गावीही नसतं, मला खरंच वाईट वाटतं. स्लोव्हेनियात आलात तर एक पूर्ण दिवस या गावाला द्या.

पोहोचायचं असं: ट्रेनने बोहिन्स्का बिस्त्रित्सा, तिथून बस पकडून लेकच्या काठावरचं रिब्चेव लाझ आणि पुढे चालत.

आधी नाव समजून घ्या. फुझिना म्हणजे लोखंडाची भट्टी, स्तारा म्हणजे जुनी. पण समोर दिसतात कुरणं, गाई आणि लाकडी गोठे, मग भट्टी गेली कुठे? उत्तर मोस्त्नित्सा नदीपाशी सापडतं म्हणून सुरुवात तिथूनच करा. या पाण्याच्या जोरावर भाते आणि घण चालायचे, वरच्या पठारांवरून वालाच्या दाण्याएवढे लोहखनिजाचे खडे खणून आणायचे, जंगलात लाकडं रचून कोळसा पाडायचे, आणि यातलं बरंचसं काम शेतकरीच करायचे कारण डोंगरातल्या शेतीवर घर भागत नव्हतं. नदीजवळच झिगा झोईसचा वाडा आहे, तो या भट्ट्यांचा मालक, 1778 मध्ये त्रिग्लाववर, म्हणजे स्लोव्हेनियातल्या सर्वात उंच शिखरावर, पहिली चढाई झाली ती त्याच्याच पाठबळावर, आणि झोइसाइट या खनिजाला नावही त्याचंच.

वेळ असेल तर नदीच्या कडेने वर घळईत जा, हुदिचेव मोस्त म्हणजे सैतानाचा पूल लागतो, पुलावर थांबून खाली बघाच.

1890 मध्ये बोहिन्स्का बिस्त्रित्साचा लोखंडाचा कारखाना जळाला आणि लोखंडाचं काम येसेनित्से या शहरात गेलं. मागे राहिल्या गाई. म्हणून आता गावातलं पशुपालन म्युझियम बघा, गावाच्या जुन्या चीज डेअरीतच आहे ते, आणि आतल्या तांब्याच्या भल्यामोठ्या कढईपाशी जरा रेंगाळा, उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणांवर राहायचं आणि दुधाचं चीज तिथेच करायचं म्हणजे किती कष्ट ते ती बघून कळतं. बोहिन्यचं मोहांत चीज मिळालं तर नक्की खा, वास उग्र आहे, चव तिखटसर, पण दोन घासांत आवडायला लागतं.

शेवटी चालत शेजारच्या स्तुदोर गावाला जा, फार लांब नाही. तिथे ओळीने तोप्लार उभे आहेत, म्हणजे गवत वाळवायचे दुहेरी मांडव. इथे पाऊस एवढा की जमिनीवर गवत वाळण्याआधी कुजेल, म्हणून बाजूच्या आडव्या दांड्यांवर गवत लटकवतात, माळ्यावर सुकलेलं साठवतात आणि खाली गाड्या-अवजारं ठेवतात. लांबून फोटो काढून निघू नका, जवळ जाऊन लाकडाचे सांधे बघा, पण गवत उभं असेल तर कुरणात पाय टाकू नका, तो त्यांचा हिवाळ्याचा चारा आहे. जवळच ओप्लेनचं घर, म्हणजे एक जुनं शेतकऱ्याचं घर, आहे, धुराने काळंकुट्ट झालेलं स्वयंपाकघर तिथे अजून तसंच आहे. परतीची बस मात्र सकाळीच बघून ठेवा.