हकलबेरीचं बी: फ्रिजपेक्षा उजेड महत्त्वाचा

अमेरिकेतल्या आयडाहो-मोंटानाच्या डोंगरांतली रानटी हकलबेरी (ब्लूबेरीच्या जवळचं झुडूप), म्हणजे व्हॅक्सिनियम मेम्ब्रेनेसियम. हिचं बी ओल्या पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळात) दोन-तीन महिने फ्रिजात ठेवूनही उगवत नाही, ही नेहमीची तक्रार. थंडी कमी पडली असं वाटतं, पण बहुतेक वेळा बी मातीखाली गाडलेलं असतं. या जातीच्या ताज्या बियांना थंडीची गरज सहसा पडत नाही, उजेडाची पडते.

पिकलेली फळं भरपूर पाण्यात घालून मिक्सर अगदी हळू, क्षणभरच फिरवा. गर तरंगतो, भरीव बी तळाशी बसतं. तीन-चारदा निथळून कागदावर सुकवा. मग ओलसर पीट मॉसवर (सामू म्हणजे pH, ४.५ ते ५) नुसतं भुरभुरवा, वर काहीही पसरू नका. पारदर्शक झाकण, ट्यूबलाइटचा १४-१६ तास उजेड, २० ते २२ अंश सेल्सिअस. अंकुर काही आठवड्यांत दिसू लागतात, तेही मागेपुढे. दिसले की झाकण किलकिलं करा, नाहीतर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पाणी शक्यतो पावसाचं. क्षारयुक्त जड पाण्याने सामू चढतो, पानं पिवळी पडतात.

सुकवलेलं बी हवाबंद बाटलीत फ्रिजात ठेवणं वेगळं. साठवणीला ते उत्तमच.